अकरा वीसची नोंद

सातपूरच्या एका कारखान्यात मी तीन दिवस एकाच खुर्चीवर बसून काढले, आणि त्यातले दोन दिवस एका निर्दोष वायरवर संशय घेण्यात घालवले. ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांतली. मी तेव्हा नाशिकमधल्या एका लहानशा फर्ममध्ये नोकरीला होते. कारखान्यांचे कॉम्प्युटर आणि सर्व्हर सांभाळायचं आमचं काम. सगळं सुरळीत चालू असताना आम्हाला कोणी विचारायचं नाही, आणि काही बंद पडलं की आमच्यामुळेच पडलं असं धरून फोन यायचा.

या कारखान्याची दोन युनिटं होती. सातपूरचं जुनं, अंबडचं नवं. जुन्यात जुना सर्व्हर, नव्यात नुकताच आलेला नवा. दोघांची डोमेन वेगळी. डोमेन म्हणजे सर्व्हरची हद्द. आपल्या हद्दीतल्या माणसाला तो ओळखतो, बाहेरच्याला दारात उभं करतो. दोन्ही हद्दींनी एकमेकांच्या माणसांवर विश्वास ठेवावा, अशी सोय आम्ही करून दिली होती आणि कागदावर ती उत्तम दिसत होती. प्रत्यक्षात एका बाजूने दुसरीकडचं फोल्डर उघडायला गेलं की 'परवानगी नाही' एवढंच उत्तर यायचं.

एरवी कोणी घाई केली नसती. पण त्या फोल्डरमध्ये सातपूरची हजेरी होती, आणि हजेरीवर एका माणसाची नोकरी टांगली होती. मशीन शॉपमधले एक ऑपरेटर, चाळिशीचे, दिंडोरीकडच्या खेड्यातून रोज पहिल्या एसटीने येणारे. चार वर्षं जवळजवळ रोज उशीर. आधी मेमो, मग वॉर्निंग, मग चार्जशीट, आणि आता अंबडच्या ऑफिसात चौकशी. शुक्रवारी शेवटची तारीख, त्यानंतर त्यांना घरी बसवायचं की नाही ते ठरणार. कारखाना हजेरी फ्लॉपीवर द्यायला तयार होता. युनियनचं म्हणणं पडलं की फ्लॉपीवर कोणीही काहीही बदलेल, चौकशी अधिकाऱ्यांनी मूळ नोंदच उघडून बघावी. म्हणजे शुक्रवारच्या आत दोन्ही सर्व्हर बोलायला हवेत. हे मला मंगळवारी सांगण्यात आलं.

माझा सहकारी अंबडला नव्या सर्व्हरपुढे बसला, मी सातपूरला जुन्यापुढे. मी इकडून नव्या सर्व्हरवर जायचा प्रयत्न करायचे, किती वाजता केला ते कागदावर लिहायचे, आणि सात-आठ वेळा जमल्या की टाइम ऑफिसात जाऊन तिथल्या फोनवरून त्याला वाचून दाखवायचे. तो त्याच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे आल्यागेल्याच्या नोंदीत, त्या वेळा शोधायचा. एकही सापडायची नाही. भलत्याच वेळांच्या पुष्कळ ओळी होत्या, पण त्या त्याने स्वतःच्याच प्रयत्नांच्या धरल्या. मग आमचा निष्कर्ष निघाला की माझी हाक त्याच्यापर्यंत पोचतच नाही. आम्ही वायर बदलली. वायरीचं टोक बदललं. मधला राउटर बंद करून चालू केला. टेलिफोनवाल्यांना बोलावून त्यांच्यावर खापर फोडून पाहिलं. ते दोन तास तपासून, चहा पिऊन, लाइन चोख आहे असं लिहून देऊन गेले.

जुन्या सर्व्हरच्या लॉगमध्ये एक लाल ओळ मात्र वरचेवर येत होती. इंग्रजीत. दोन्ही यंत्रांच्या वेळेत फरक आहे, अशा अर्थाची. मंगळवारीच मी ती वाचली होती. वाचून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, सर्व्हरच्या घड्याळाकडे बघितलं, दोन्ही मिनिटालाही जुळत होती. तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला, तोही अगदी ठोक्याला. ओळ बिनडोक आहे असं मी ठरवलं आणि पुन्हा वायरीकडे वळले.

गुरुवारी माझं डोकं फिरलं. मी टाइम ऑफिसचा फोन लांब वायरीसकट सर्व्हरच्या खोलीत ओढून आणला आणि सहकाऱ्याला म्हटलं, आता मी करते आणि तू तिथल्या तिथे बघ.

"केला. अकरा वीस. दिसतोय?"

"किती?"

"अकरा वीस."

"अगं, अकरा वीस अजून वाजायचेत."

मी त्याला डोळे तपासून घ्यायला सांगितलं. त्याने शांतपणे त्याच्याकडची वेळ वाचली. अकरा वाजून दहा मिनिटं. मला मंगळवारची ती लाल ओळ आठवली. नवा सर्व्हर पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतो. त्यापुढे समोरच्याची ओळख खोटी समजतो आणि दार लावून घेतो.

मी टाइम ऑफिसच्या भाऊसाहेबांकडे गेले. कारखाना सुरू झाल्यापासून हजेरी त्यांच्याकडे होती.

"भाऊसाहेब, इथलं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे."

"असतंच. पहिल्यापासून. लोक वेळेवर यावेत म्हणून."

"आणि सर्व्हरचं?"

"तो आला तेव्हा मागे होता. मीच बरोबर करून दिला."

त्यांच्या आवाजात जराही ओशाळलेपण नव्हतं. कार्ड पंच करायचं मशीन सर्व्हरवरून वेळ घ्यायचं, भोंगा भिंतीवरच्या घड्याळावरून व्हायचा, आणि सातपूरच्या वसाहतीतली माणसं मनगटावरची घड्याळं भोंग्याला लावायची. सगळे वेळेवर येत होते. कारखान्याच्या हद्दीत वेळ अशीच होती.

मी मशीन शॉपमध्ये गेले. ते ऑपरेटर लेथवर उभे होते.

"दादा, तुमची गाडी किती वाजता पोचते?"

"सात वीसला उतरतो मॅडम. पाच मिंटं चालत. साडेसातची पाळी."

"घड्याळ कशाला लावता?"

"रेडिओला."

"मग इथलं पुढे आहे हे तुम्हाला कळलं नाही?"

त्यांनी मशीन बंद केलं. "पहिल्या मेमोलाच लिहून दिलं व्हतं. तुमचं घड्याळ पुढं हाय म्हनून. ते म्हनले, तुझं मागं हाय."

"मग?"

"मग नवं घेतलं. ते बी मागंच निघालं."

हे ते हसवायला सांगत नव्हते. मला लाज वाटली, कारण ती लाल ओळ वाचून मीही भिंतीकडेच बघितलं होतं.

आमच्या फर्मच्या साहेबांनी फोनवर सल्ला दिला की घड्याळ नीट कर, फोल्डर उघडून दे आणि ये, बाकीचं आपलं काम नाही. मी हो म्हटलं. मग आधी लाल ओळीचं पान छापून घेतलं, दोन्ही सर्व्हरची अकरा वीसची आणि अकरा दहाची नोंद छापून घेतली, आणि त्यानंतरच घड्याळाला हात लावला. फोल्डर पहिल्या झटक्यात उघडलं.

शुक्रवारी मी ते कागद घेऊन चौकशीला गेले. चौकशी अधिकाऱ्यांनी पडद्यावरची चार वर्षांची हजेरी बघितली, मग माझे कागद. भाऊसाहेबांनी मुद्दा काढला की आरोपी घरीही रोज दहा मिनिटं आधीच जातो. अधिकाऱ्यांनी हा मुद्दा लिहून घेतला. भोंग्याने तर सगळेच सुटतात, असं युनियनवाले म्हणाले. तोही लिहून घेतला. मग अधिकाऱ्यांनी लाल ओळीचं पान पुन्हा वर धरलं.

"हे कुणी लिहिलंय?"

"कोणी नाही. सर्व्हरने स्वतः."

"स्वतः?"

"हो."

त्यानंतर फार वेळ लागला नाही. नोंदीतून दहा मिनिटं वजा केली की ते ऑपरेटर जवळजवळ रोज वेळेवर होते. आरोप मागे घेतल्याचं पत्र त्याच दुपारी टाइप झालं.

बाहेर व्हरांड्यात ते ऑपरेटर पत्राची घडी खिशात ठेवत उभे होते. माझ्या हातातल्या पानाकडे त्यांनी बोट दाखवलं.

"काय लिव्हलंय त्यात?"

"दोन्हीकडच्या वेळेत फरक आहे."

"आन?"

"एवढंच."

त्यांनी पान हातात घेतलं, उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि मला परत दिलं.

"मी बी तेवढंच म्हनत व्हतो," ते म्हणाले, आणि गाडी चुकेल म्हणून निघाले.