गॅस बंद करून येते

काल दुपारी माझी अडीच वर्षांची ओवी बाहुलीला झोपवत होती. बाहुलीच्या अंगावर माझी ओढणी घातलेली. ओवीनं तिला चार वेळा थोपटलं आणि कानाशी वाकून म्हणाली, "डोळे मिट हं. मी गॅस बंद करून येते."

कपड्यांच्या घड्या घेऊन येणारी मी दारातच थबकले. ते वाक्य माझं होतं.

ओवीला एकटीनं झोपायची सवय लागावी म्हणून गेले दोन महिने मी रोज दुपारी हेच सांगून तिच्याजवळून उठते. गॅस केव्हाच बंद केलेला असतो. सुरुवातीला ती रडायची, मग नुसत्या हाका मारायची, मग दाराकडे बघत पडून राहायची. आता दहा मिनिटांत झोपते. "शहाणी झाली गं पोर," सासूबाई म्हणतात, आणि मी ते कौतुक मुकाट्यानं घेते. खोटं बोलताना आता माझी जीभही अडखळत नाही. ती रोज माझी वाट बघता बघता झोपत असेल, हा विचार मी मनात येऊच दिला नव्हता.

ओवी उठली, माझ्या बाजूनं तुरुतुरु स्वयंपाकघरात गेली. ओट्यापर्यंत हात पोचेना, तेव्हा टाचा उंचावून तिनं हवेतच बटण फिरवलं. मला वाटलं, आता पळेल खेळायला.

ती परत खोलीत गेली. बाहुलीशेजारी आडवी झाली आणि तिला म्हणाली, "आले बघ."