शनिवारची माती

फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. "मावशी, आई गेली," एवढंच महेश बोलला. पिंपळे गुरवहून दापोडीला रिक्षाने जाताना मी रडत नव्हते, दाजींना शिव्या देत होते. शकुअक्का, माझी थोरली बहीण, झोपेतच गेली. तिला कुणी मारलं नव्हतं. तरी डोळ्यांसमोर येत होता तो तिचा सुजलेला गालच. आता महिना उलटलाय, राग तसाच आहे, आणि तो झाकून मला गोडगोड लिहिता येणार नाही.

लग्न होऊन अक्का लातूरकडून इथे आली. दाजी चाकणच्या एका कंपनीत प्रेसशॉपला. दिवसभर पत्र्यावर आदळणारं मशीन, टार्गेट, सुपरवायझरच्या आईवरून शिव्या... सगळं खाली मान घालून गिळायचे आणि घरी येऊन अक्काच्या अंगावर काढायचे. पट्ट्याने, लाटण्याने, हाताला लागेल त्याने. एकदा केस धरून तिचं डोकं मोरीच्या कठड्यावर आपटलं. रक्त पुसता पुसता ती मला म्हणाली, "तालमीतून आल्यावर न्हाईत मारत गं. बघितलंय मी."

दाजींना कुस्तीची हौस होती, आणि तालमीत जाऊन आलेल्या दिवशीचे दाजी खरंच वेगळे असायचे. कानात माती, अंग ठणकतंय, भाकरी जास्तीची खाऊन महेशला पोटावर घेऊन घोरत पडायचे. टीव्ही बघून तसं व्हायचं नाही. पत्ते खेळून आले की उलट जास्तच भडकायचे. मग अक्काने नियम केला. कंपनीतून थेट तालमीत, आणि पिंढऱ्यांना लाल माती दिसल्याशिवाय कडी निघणार नाही. दाजींनी दारावर लाथा घातल्या, सगळ्या चाळीसमोर तिचे आईबाप काढले. ती आतून एकच म्हणायची, "आधी मातीत जावा." आणि ते जायचे.

पण शनिवार मारुतीचा. त्या दिवशी तालमीत कुस्ती बंद. आठवड्याचा मार आता शनिवारी एकदम पडू लागला. मग तिने शनिवारी कडी काढणंच बंद केलं, तर एका शनिवारी दाजी लाल पायांनीच दारात आले. अक्काने सवयीने पाय बघितले, आज शनिवार आहे हे विसरली आणि दार उघडलं. तो कुठल्याशा बांधकामावरचा मुरूम होता. त्या संध्याकाळी तिचं मनगट मोडलं.

प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून ती वस्तादांकडे गेली. मी सोबत होते. बाईने तालमीत शिरायचं नसतं, म्हणून उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "शनवारी बी उघडा."

"शनिवार मारुतीचा असतो, ताई."

"मग मारुतीला त्या दिशी माझ्या घरी ऱ्हायला धाडा."

वस्तादांनी तिचा प्लास्टरचा हात बघितला आणि तोड काढली. पुढच्या शनिवारपासून आखाडा खणायचं काम दाजींकडे आलं. फावड्याने सगळी माती उकरायची, ताक-तेल घालून पुन्हा भुसभुशीत करायची. मार थांबला. लोक दाजींना मारुतीचे भक्त म्हणू लागले. अक्का हसायची, मला हसू यायचं नाही. याचा राग खणून जिरतो, मग त्या रागाची वेळ, वार आणि माती हिनेच का सांभाळायची?

गेल्या शनिवारी मी त्यांच्याकडेच होते. महेशही आता चाकणलाच कंपनीत. लाइन बंद पडल्याचं खापर त्याच्यावर फुटलं होतं. आला, भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावलं आणि बायकोच्या, पूजाच्या, कानाखाली वाजवली. समोर अक्काचा फोटो. दाजी खाटेवरून म्हणाले, "पूजा, त्याला तालमीत धाड. तुझी सासू तसंच करायची."

पूजाने ओठाचं रक्त पुसलं. "मी न्हाई धाडणार, मामा. लेक तुमचा हाय. तुमी न्या."

दाजी गुडघ्यांवर हात रोवून उठले. म्हातारा माणूस, पण पकड अजून पैलवानाची. हिसडे देणाऱ्या महेशला त्यांनी कॉलर धरून भिंतीवर आदळलं आणि तसंच फरपटत जिन्यावरून खाली नेलं. "चल, मी बी खणतो," एवढंच ऐकू आलं.

पूजा खाली बसून सांडलेला भात गोळा करू लागली. मी तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. सांडलंय त्यानं, तोच येऊन उचलंल." आणि मग मला रडू आवरेना... माझ्या बहिणीसाठी त्या घरात आयुष्यात एकदा तरी कुणीतरी असं उठायला हवं होतं.