मला लांबची लेन्स हवी होती, कारण मला बैलांची भीती वाटते

हे आधीच सांगून टाकतो. कारण विचाराल तर सांगण्यासारखं काहीच नाही. मला कधी बैलानं मारलं नाही, लोळवलं नाही. आमच्या घरी बैल होते. माझी धाकटी बहीण वंदना त्यांच्या पोटाखालून इकडून तिकडे जायची आणि मी गोठ्याच्या दारातून तिला जेवायला हाक मारायचो. आत कधी गेलो नाही.

वंदना आता मंगरुळपीर तालुक्यात, आसेगावच्या पुढे एका गावात असते. गावाचं नाव लिहायचं नाही, असं तिनं बजावलंय. थंडी पडायला लागली तसा तिचा फोन आला की गावात शंकरपट आहे आणि बायकांच्या गटात ती स्वतः जोडी हाकणार आहे. ज्यांनी शंकरपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: एक हलका छकडा, त्याला बैलांची जोडी, समोर सरळसोट धावपट्टी आणि छकड्यावर कासरे धरून बसलेला धुरकरी. सगळा खेळ मोजक्या सेकंदांचा असतो. जे काही व्हायचं ते तेवढ्यात होतं.

"दादा, तुहा मोठा कॅमेरा घेऊन ये," ती म्हणाली. "मांगच्या वर्षी सगळ्याइनं मोबाईलवर फोटो काढले. बैल दिसते, धुरळा दिसते, मीच नाई दिसत. मले माह्यं तोंड पाह्यजे फोटोत."

मागच्या वर्षी ती पहिल्यांदा धुरकरी झाली आणि छकड्यावरून पडली. कोपराला टाके पडले. आईला ते महिनाभरानं कळलं, आणि मला आधीपासून माहीत होतं हेही कळलं. आई अकोल्याला माझ्याकडे असते, म्हणजे तो महिना आणि त्याच्या पुढचे दोन मी कसे काढले असतील ते समजून घ्या. या वेळी फोन चालू असताना ती शेजारीच बसली होती.

फोन ठेवल्यावर म्हणाली, "जाय अन् तिले थांबव. नाई थांबली तं फोटो आण. तोंडी नोको सांगू काई, तुमी दोघंबी खोटे बोलता. तिचं तोंड दिसलं पाह्यजे. मंग मी समजीन कशी हाये ते."

असं करत दोघींनाही एकच चेहरा हवा होता आणि तो आणायला घरातला सगळ्यात भित्रा माणूस निघाला होता.

आता लेन्सचं. तुमच्यापैकी बरेच जण त्यासाठीच इथे येतात. पटाला तिपाई नेता येत नाही. गर्दीत ठेवायला जागा नसते आणि तीन पायांची ती काळी वस्तू बघून बैल बुजतात. जे काढायचं ते हातात धरून. अकोल्यात रफीकभाईंच्या दुकानात लेन्स भाड्यानं मिळतात, दिवसाला हजाराच्या आतबाहेर. त्यांनी काउंटरवर तीन मांडल्या. सत्तर-दोनशे (आकडा जितका मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं), उजेडाला उत्तम, पण दोनशेनं माझं काम भागायचं तर बैलांच्या फार जवळ जावं लागणार. ती मी हातातही घेतली नाही. दीडशे-सहाशे मात्र बघताक्षणी आवडली.

"किती दूर उभं राहणार हाये?" रफीकभाईंनी विचारलं.

"जमेल तितकं दूर."

"मंग घरीच राहा ना, बाप्पा!" ते हसले आणि म्हणाले, "घ्या, डोळ्याले लावा अन् रस्त्यावरचे ऑटो पकडा."

चार-पाच ऑटो पकडले. दोन किलोची ती लेन्स, डावं मनगट भरून आलं आणि सहाशेवर समोरचा ऑटो चौकटीतून निसटून कुठल्या कुठे जायला लागला. एवढ्या लांबच्या लेन्समधून नजर जरा हलली तर सगळा रस्ताच हलतो. शिवाय जोडी जवळ आली तर दीडशेत मावणार नाही, असं रफीकभाईंचं म्हणणं. जवळ येऊ देणार कोण, असं मी मनात म्हटलं, पण शेवटी मधली घेतली, शंभर-चारशे. वजन सोसवतं, हाताची थरथर लेन्स बरीचशी आवरते आणि दिवसाचा खेळ असल्यामुळे उजेडाची चिंता नाही. फक्त बैलांचा वेग थरथर-रोधकाला आवरत नाही, त्यासाठी शटर सेकंदाच्या सोळाशेव्या भागावर किंवा त्याहून वर ठेवा.

पटाच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. बार्शीटाकळीवरून मंगरुळपीर जवळ पडतं, पण मी मुद्दाम पातूर-मालेगाववरून गेलो, कारण मला जऊळक्याची रेल्वे हवी होती. समोरून अंगावर येणाऱ्या वस्तूचा सराव कुठे करणार? मालेगावला गरम आलुबोंडे आणि कढी खाल्ली. मनात धाकधूक असली की मला भूक जास्त लागते. जऊळक्याला स्टेशनापासून दूर, कुंपणाच्या अलीकडे एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहिलो. बऱ्याच वेळानं गाडी आली. चारशेवर इंजिन पकडलं आणि ते जवळ येईल तशी झूमची रिंग फिरवत गेलो: तीनशे, दोनशे, दीडशे. इंजिन पहिल्यापासून शेवटपर्यंत चौकटीत एकाच मापाचं बसलं. मी जाम खूश.

मागे एक बाई हरभऱ्याची भाजी खुडत होती. ती म्हणाली, "भाऊ, गाडी गेली बी, तरी मुंडी नाई काढली तुमी बाहेर."

मी हसलो. तिचं बोलणं तिथेच लक्षात घ्यायला हवं होतं.

पुढे शेलूबाजार, मंगरुळपीर, मग आसेगावची वाट. मंगरुळपीरपर्यंत रस्ता छान, नंतर अरुंद, आणि या दिवसांत तुरीनं लादलेले ट्रॅक्टर समोरून येतात, सांभाळून. वंदनाच्या गावात लॉज वगैरे काही नाही, राहायचं तर मंगरुळपीरलाच राहा. माझा मुक्काम अर्थात तिच्याकडे. पोचलो तर ती बैलांना अलप, म्हणजे त्यांचं भिजवलेलं खाद्य, खाऊ घालत होती. राजा पांढरा, तुफान तांबूस, दोघांची शिंगं माझ्या छातीला लागतील इतकी वर. मी गाडीतून उतरलो तो पलीकडच्या बाजूनं.

जेवताना, ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा पुढ्यात असताना, मी विषय काढला. आई काळजी करते, पोरं लहान आहेत, कोपर नीट सरळ होत नाही.

"कोपर होते सरळ," वंदनानं हात ताणून दाखवला. पूर्ण सरळ होत नव्हता. "दादा, तू मले थांबवाले आला का फोटो काढाले?"

"दोन्हीला."

"एक काम कर. फोटो काढ."

तिचा नवरा गजाननराव भाकरी मोडत म्हणाले, "म्याबी सांगून पाह्यलं. आता एकच सांगतो तुमाले. लाइन ओलांडली म्हंजे जोडी थांबते असं नाई. पुढं लय दूरवर धावते. तुमी बाजूले, दोराच्या मांगं राहा." मी म्हटलं, बाजूला काय, मी जमलं तर पुढच्या शिवारात राहीन. तेव्हा सगळे हसले, मी सोडून.

सकाळी पटावर ही गर्दी. जिलेबी, शेव, खेळणी, भोंग्यावर कुणाचीतरी अखंड घोषणा. थंडी होती, तरी माझ्या पाठीला घाम. पहिल्या दहा-पंधरा जोड्या मी दोराच्या मागून काढल्या आणि स्क्रीनवर बघितल्या. सगळे फोटो बाद. बाजूनं काढलं तर बैलांच्या पाठीनं धुरकरी झाकला जातो. थोडं समोरून, तिरकं काढलं तर फोकस जाऊन बसतो शिंगावर आणि मागचा चेहरा विरघळतो. धुरकऱ्याचा चेहरा दिसतो तो एकाच ठिकाणाहून: दोन बैलांच्या मधल्या फटीतून. आणि ती फट उघडते ती बरोबर समोर, पट्टीच्या नाकासमोर उभं राहिलं तरच.

मी लाइनीच्या पलीकडे खूप लांब चालत गेलो. पट्टी संपते, त्याच्या पुढे तुरीचं काढलेलं रान होतं. जोड्या सहसा ज्या ठिकाणी थांबत होत्या, त्याच्याही मागे थांबलो. तिथून चारशेवर पट्टीचं दुसरं टोक इवलंसं दिसत होतं. इतक्या लांब कोण येतंय, असं मी स्वतःला समजावलं. शिट्टीवाल्या स्वयंसेवकानं दोनदा हाकललं, "ओ फोटोवाले, मांगं व्हा! बाजूले!" मी बाजूला झालो, आणि भोंग्यावर वंदनाचं नाव आलं तसा परत मधे आलो. ती पडली तर काय, हा एकच विचार डोक्यात होता. पडली तर आईला कुठला फोटो दाखवू?

जोडी सुटली. फटीत वंदना दिसली, डोक्याला घट्ट बांधलेला ओढणीचा फेटा, आवळलेले दात. मी बटण दाबून ठेवलं. तीनशेवर आलो. ती सरळ बसली होती, पडत नव्हती. दोनशे. बैल चौकटीत छान बसले होते, होते तेवढेच, आणि मी मनात म्हणत होतो, बस, थोडं आणखी, पडू नको. दीडशे.

मग रिंग शंभरावर टेकली.

बोटं फिरवत होती, ती फिरेना. आणि आता पहिल्यांदाच बैल मोठे व्हायला लागले. राजाचं नाक, त्याची वेसण, तोंडाचा फेस, मग नुसतं पांढरं. पायाखालची जमीन हादरत होती, ते तेव्हा कळलं. मला हलता आलं नाही. लोक म्हणतात भीतीनं माणूस पळतो. मी नाही पळालो, मी बटण दाबत उभा होतो. कुणीतरी "दादा!" म्हणून किंचाळलं.

धुरळा बसला तेव्हा मी तसाच उभा होतो आणि छकडा माझ्या उजव्या हाताला, तुरीच्या धसकटात तिरका थांबला होता. चाकाची चाकोरी माझ्या बुटापासून वीतभर अंतरावरून गेली होती. बैल धापा टाकत होते, गजाननराव त्यांची वेसण धरायला धावत होते. वंदना उतरून माझ्याकडे आली. धड, उभी, चालत. मला इतकं हायसं वाटलं की मी हसलो, आणि तिनं माझ्या दंडावर सणसणीत चापट मारली.

"मेला असता ना! हलत काहून नोहता तू?" ती म्हणाली. "मी बोंबलून राह्यली, अन् हा फोटो काढून राह्यला!" मग मला धरून रडली. मीही रडलो. सगळं गाव बघत होतं.

नंबर आला नाही. दुपारी घरी परतल्यावर चहा घेत आम्ही फोटो बघितले. चारशेवरचे, तीनशेवरचे, सगळ्यांत चेहरा धुरकट. पुढचेही तसेच. धड एकच निघाला, रिंग टेकल्यानंतरचा. राजा आणि तुफान दोन्ही कडांना अर्धेमुर्धे कापलेले आणि मधे वंदना, पापणीचा केसन् केस मोजता येईल इतकी स्पष्ट. तोंड उघडं, डोळे फाटलेले. इतकी घाबरलेली मी तिला जन्मात पाहिली नव्हती.

"हा आईले नोको दाखवू," ती म्हणाली. मी बरं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी येताना बार्शीटाकळीच्या जवळच्या रस्त्यानं आलो, वाटेत कुठेही थांबलो नाही. रफीकभाईंची लेन्स परत केली. लेन्स म्हणाल तर शंभर-चारशेच घ्या. हातात धरून दिवसभर चालते आणि फोकस चपळ आहे. पण उभं राहायची जागा लेन्सला विचारून ठरवू नका, तिथल्या माणसांना विचारा. रिंग कमीत कमी आकड्यावर टेकली की फोटो विसरा आणि कॅमेरा खाली करा. मला अजून ते टेकणं बोटांत जाणवतं. परवा पोरांच्या फुटबॉलच्या मॅचला माझी स्वतःची छोटी लेन्स लावून मैदानाच्या कडेला उभा होतो, रिंग टेकली आणि मी चार पावलं मागे जाऊन खुर्चीवर पडलो.

त्या दिवशी घरी पोचल्यावर आईला मी धुरकट फोटो दाखवले.

"हे तं काईच नाई दिसत," ती म्हणाली. "चांगला दाखव." आणि माझ्या हातातून कॅमेरा घेऊन स्वतःच बटण दाबत गेली. एक-एक फोटो सरकला आणि तो आला.

तिनं तो डोळ्यांजवळ नेऊन बघितला. मग चष्मा पुसून परत बघितलं.

"पडून राह्यली होती का?"

"नाही."

"मंग कायले भेली एवढी?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "मी समोर उभा होतो, आई. बैलांच्या समोर."

आईनं माझ्याकडे पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत, मी सगळा आहे का ते बघितल्यासारखं.

"अन् मंग?"

"तिनं फिरवले बैल."

"दोन्ही?"

"दोन्ही. अगदी बाजूनं काढले."

आईनं कॅमेरा माझ्या हातात दिला, पदरानं डोळे टिपले आणि उठता उठता म्हणाली, "मंग हाकू दे तिले. तू नोको जाऊ आता."