कटोऱ्यातलं स्टेशन

माझा स्वभाव भित्रा. आष्ट्यात माझं भांड्यांवर नावं घालायचं दुकान आहे. दुसऱ्यांची नावं पितळेवर बिनधास्त ठोकतो, पण स्वतःची सही करताना मला घाम फुटतो.

अम्माला उमऱ्यासाठी मक्केला जायचं होतं. पासपोर्टासाठी तिचा शाळेचा दाखला काढला, तर जन्मस्थळाच्या रकान्यात एकच शब्द: स्टेशन. आजोबा रेल्वेत गँगमन होते, अम्मा तिथल्या चाळीत जन्मली, आणि त्या जागेला सगळे नुसतं स्टेशन म्हणायचे. मास्तरांनीही तेच लिहिलं. पुढं रूळ दुसरीकडून गेले आणि स्टेशन ओस पडलं.

"कुठलं स्टेशन?" पासपोर्ट कार्यालयातल्या कारकुनानं विचारलं. साधाच प्रश्न, पण मी कागद उचलून मागं फिरलो. हल्ली आमच्यातल्या माणसाला आई कुठं जन्मली असं विचारलं, की प्रश्न तेवढ्यावर थांबेल असं वाटत नाही.

अम्माला विचारलं तर म्हणाली, "स्टेशन म्हंजी स्टेशन. त्येला आनिक काय नाव?"

मग साताऱ्याकडच्या त्या पडक्या स्टेशनावर स्वतःच गेलो. पाटी गेलेली, नुसते दोन खांब उरलेले. ओढ्याच्या अलीकडे एक गाव, पलीकडे एक. गावांची नावं इथंही लिहीत नाही. भीती अजून गेलेली नाही. अलीकडच्या गावात टपरीवर म्हातारे बसले होते. "आवं, आमच्याच गावाचं नाव हुतं की! दुसऱ्या कुनाचं असंल?" पलीकडे मी गेलोच नाही. तिथं वेगळं ऐकलं असतं तर? विषाची परीक्षा कशाला! अलीकडच्या गावाचं नाव घालून अम्माचं प्रतिज्ञापत्र केलं. पासपोर्ट आला. अम्मानं गल्लीत पेढे वाटले.

निघायला पंधरा दिवस असताना सांगलीची धाकटी बहीण एक पितळी कटोरा घासूनपुसून चकचकीत करायला टाकून गेली. अम्मा जन्मली तेव्हा स्टेशनातल्या लोकांनी नाव घालून दिलेला. बहिणीच्या लग्नात तो तिला द्यायचा ठरला, तेव्हा मी हे काम नुकतंच शिकत होतो. जुनी अक्षरं कानशीनं घासून काढली आणि दुसऱ्या बाजूला बहिणीचं नाव घातलं. पुसायची अक्षरं कोण वाचत बसतो?

आता आतली कल्हई उडाली होती. फडकं फिरवताना बोटाला खडबडीत ठिपके लागले. जुन्या कारागिराचा हात जड. बाहेरून कानस मारली तरी अक्षरं आतून उठून आलेली, उलटी. उलटं वाचायची माझ्या बोटांना सवय आहे. अम्माचं नाव. त्याखाली स्टेशनाचं, पलीकडच्या गावाचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

दुकानात कुणी नव्हतं. चार ठोके घातले की झाकली मूठ सव्वा लाखाची. मी हातोडी उचलली.

"काय करतूयास?" अम्मा जेवणाचा डबा घेऊन दारात उभी होती.

खोटं बोलायला सुचलं नाही. सगळं सांगितलं. तिनं कटोरा हातात घेतला, आत बोट फिरवलं.

"म्हंजी पासपोर्टावर खोटं हाय?"

"कुनी बगत न्हाई, अम्मा. दुरुस्तीला दिला तर चौकशी हुईल. तुजं जानं ऱ्हाईल."

"आन् खोटी शपथ घिऊन मी अल्लाच्या दारात हुबी ऱ्हाऊ?"

माझी मूठ हातोडीवरून सुटली नाही.

"मलाबी भ्या वाटतंय," ती म्हणाली. इतक्या वर्षांत हे तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. "पर हातोडी खाली ठिव."

सोमवारी आम्ही दोघं पुन्हा त्याच कार्यालयात बाकावर बसलो. कटोरा तिच्या मांडीवर, कापडी पिशवीत. आमचा नंबर पुकारला, पण मी बाकावरच बसून राहिलो. अम्मा आधी उठली आणि माझं मनगट धरून मला खिडकीपाशी घेऊन गेली.

"आजी, जन्म कुठं झाला?" कारकुनानं विचारलं.

अम्मानं स्टेशनाचं पुरं नाव सांगितलं. तिचा आवाज स्पष्ट होता. माझं मनगट मात्र तिनं अजून सोडलं नव्हतं.