दोन काप

मानवी जबडा ही सृष्टीची सर्वश्रेष्ठ रचना आहे. भाषा, संगीत आणि संसार तिच्याच आधारावर उभे आहेत, असं डॉ. माधवी पांचाळ विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतात. आत्ता मात्र दुपारचे अडीच वाजलेत, डॉक्टरीण बाई ड्यूटी रूमच्या बाकावर आडव्या झाल्यात आणि त्यांची स्वतःची ती रचना सताड उघडी पडून उशीवर लाळ गाळते आहे.

पंखा घरघरतो. मग करवतीसारखा वाजतो. ऑपरेशनच्या दिव्याखाली लाकडाचा भुसा पडलाय आणि अकरा वर्षांपूर्वी गेलेले त्यांचे वडील, आबा, राजापूरचे सुतार, डोक्यावर हिरवी टोपी घालून उकिडवे बसलेत.

"काय गो माधे, कसली चौकट?"

"चौकट नाही, आबा. जबडा. रुही म्हणून सात वर्षांची पोर आहे. गाठीने खालचा जबडा पोखरलाय. उद्या तिच्याच पायातलं बारीक हाड रक्तवाहिनीसकट काढून नवा करायचाय."

"मग चालेल कशी?"

"शेजारचं जाड हाड वजन पेलतं."

"आणि सरळ हाडाला गोलाई?"

"तीन काप देणार."

आबा भुशातलं हाड उचलून उजेडात धरतात. "तुकडे फार बारके होतील."

तीच तर धास्ती आहे. बारक्या तुकड्याला रक्त पुरलं नाही तर तो मरतो. "पण दोनच काप दिले तर हनुवटी बोजड दिसेल हो. मुलगी आहे."

"तुझी कुठे सुबक आहे? माझीच आलीय. काही अडलं?"

माधवीबाईंना हसू येतं, मग हुंदका. खोली आता त्यांच्या शाळेचा व्हरांडा आहे. आबा तिथलं दार बसवतायत.

"नव्या दाराला फुगायला फट सोडतात, माहीत आहे ना? वाढत्या पोरीचं काम पहिल्याच दिवशी पुरं करू नये. आधी जगू दे. सुबकपणा मागाहून तासता येतो."

"चुकलं तर, आबा?"

"माझी किती दारं चुकली! लोक तरी आत-बाहेर करतातच." ते वाकतात. "पाय पुढे कर बघू."

गुदगुल्या होतात. माधवीबाई दचकून उठतात. डाव्या पोटरीच्या बाहेरच्या अंगाला दोन जांभळ्या रेघा आहेत, ओल्या. दोनच. माधवीबाई त्या रेघांना बोट लावत नाहीत, पुसतील म्हणून.

"सिस्टर," दारात उभ्या असलेल्या कुंदा सिस्टरना त्या म्हणतात, "रुहीच्या आईला सांगा, मी येतेय. उद्या दोनच काप."

"सांगते. आणि मॅडम, तुमच्या मुठीतल्या त्या मार्करला तेवढं टोपण लावता का? वाळतात."