सासूबाईंच्या तोंडी घातलेले शब्द

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. यांना नाही, लेकीला नाही, माहेरी सख्ख्या बहिणीलाही नाही. कितीदा ओठांवर आलं आणि मी पदराला हात पुसत दुसऱ्या कामाला लागले. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुधा. ओळखणाऱ्यांपुढे — छे, ओळखणाऱ्यांपुढे माझं तोंडच उघडणार नाही.

लोक मला चांगली बाई म्हणतात. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं सगळं केलं, त्याला पायांवर उभं केलं, सासूचं शेवटपर्यंत पाहिलं — असं म्हणतात. हे खोटं नाही. पण एखादी गोष्ट खोटी नसली, म्हणजे ती खरी झाली का?

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आम्ही सातपूरला राहत होतो. हे तिथल्या एका कारखान्यात टर्नर होते आणि मी जवळच्या बालवाडीत शिकवत होते. एकच मुलगी, अलका. निफाडकडच्या गावातून सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. कारखान्यातल्या पतपेढीचं कर्ज काढून आम्ही दोन खोल्या बांधल्या. कर्जाला जामीन लागतो. यांना जामीन राहिले पगारे भाऊजी.

पगारे भाऊजी यांच्याच खात्यात, शेजारच्या मशीनवर. दोघं एकाच दिवशी कामाला लागलेले. हा माणूस हसायचा तेव्हा आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. रविवारी सायकलवरून आमच्याकडे यायचे, यांच्याबरोबर कॅरम खेळायचे, हरले तरी तसेच खांदे हलवायचे. ते बौद्ध. सुरुवातीला सासूबाईंनी त्यांचा कप वेगळा ठेवला होता, हेही सांगून टाकते. मी पाहत होते आणि काही बोलत नव्हते. भाऊजीही पाहत होते. चहा पिऊन झाला की स्वतःच कप विसळून पालथा घालायचे.

मग हे आजारी पडले. आधी पाठ दुखायची. मशीनपाशी उभं राहून दुखत असेल, म्हणून मी तेल चोळून द्यायची. मग रोज संध्याकाळी कणकण, मग पायांना मुंग्या. मोठ्या डॉक्टरांनी फोटो काढायला लावला — मणक्याला क्षय. छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर. उठायचं नाही, बसायचं नाही, कूस बदलायची तीही दुसऱ्यानं. काही दिवस अर्धा पगार मिळाला, मग तोही थांबला. यांना वळवणार कोण, भांडं देणार कोण? मी बालवाडी सोडली. घरात बसून साड्यांना फॉल लावायला लागले.

प्लास्टर घातलेला माणूस किती जड होतो, कल्पना आहे? मी आणि सासूबाई मिळूनही यांना हलवता येत नव्हतं. पगारे भाऊजी पाळी संपली की यायचे आणि लहान मुलासारखं यांना उचलायचे. अंग पुसायचे, दाढी करायचे, नखं कापायचे. एकदा ते असेच यांचे पाय पुसत होते आणि सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मग आत आल्या. कोनाड्यातला तो वेगळा कप उचलला, घासला आणि मांडणीत आमच्या कपांच्या रांगेत ठेवून दिला. मला म्हणाल्या, "माझं लय चुकलं गं. पोटच्या पोरानं केलं नसतं, ते हा करतो हाय." त्या दिवसापासून भाऊजींना जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

हे लक्षात ठेवा. माझा गुन्हा किती मोठा, ते यावाचून तुम्हाला कळायचं नाही.

घरात देणं कसं वाढतं? आधी माणूस वाण्याच्या दुकानासमोरून खाली मान घालून जातो. मग त्या रस्त्यानं जातच नाही. मग औषधाच्या दुकानाचा रस्ता सुटतो, दूधवाल्याचा सुटतो, ज्या मैत्रिणीकडून 'पुढच्या महिन्यात देते' म्हणून पैसे घेतलेले असतात तिची गल्ली सुटते. शेवटी मला घरी यायला मागचा एकच बोळ उरला होता. आणि घरात तरी काय? खाटेवर हे, आढ्याकडे बघत. 'आज कोण आलं होतं?' असं विचारायचे आणि मी म्हणायची, 'कुणी नाही.'

एके दुपारी यांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, "तुझ्या पाटल्या मोड. मला लाज वाटते सांगायला, पण मोड. बाकीचे थांबतील. पतपेढी थांबत नाही, ती जामीनदाराच्या पगारातून कापते. पगारेला माझ्यापायी तोशीस लागता कामा नये."

मी हो म्हटलं. पाटल्या रुमालात बांधून सराफ बाजारात गेले. दुकानाच्या पायरीपर्यंत गेले — आणि परत फिरले. का? माझ्या मनात एकच आलं होतं. हे गेले तर? हे गेले तर माझ्याजवळ आणि अलकाजवळ या पाटल्यांखेरीज काय आहे? नवरा जिवंत असताना मी तो मेल्याचा हिशेब केला. घरी येऊन पाटल्या बाजरीच्या डब्यात तळाशी घातल्या आणि यांना सांगितलं, मोडल्या. पतपेढीत भरले. आता दर महिन्याला फॉलच्या पैशांतून भरत जाईन.

यांनी माझ्या मोकळ्या मनगटावरून हात फिरवला आणि डोळे मिटून घेतले.

पगारे भाऊजींच्या पगारातून हप्ता कापला जायला लागला. त्याबद्दल ते यांच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मला मात्र एकदा स्वयंपाकघरात हळूच म्हणाले, "वहिनी, पतपेढीचं थोडं काही जमण्यासारखं आहे का? माझी घाई नाही. थोरलीला मास्तरणीच्या कॉलेजात घालायचंय, म्हणून विचारलं. दत्ताला कळू देऊ नका, तो जिवाला लावून घेईल."

माझ्यामागे हाताच्या अंतरावर बाजरीचा डबा होता. मी म्हटलं, "भाऊजी, घरात विष खायला पैसा नाही."

ते म्हणाले, "असू द्या, असू द्या," आणि बाहेर जाऊन यांची दाढी करायला बसले.

त्यानंतर त्यांचं येणं मला सोसेना. तुम्हाला समजतंय ना? एका खोलीत दोन मित्र. एकाला वाटतं हप्ते जाताहेत, दुसरा ते भरतोय. मी आत साडीला फॉल लावत बसायची आणि कान बाहेर. पतपेढीचा 'प' जरी निघाला तरी माझ्या बोटात सुई जायची. दोघं हसले की मी सुई थांबवून ऐकायची, गप्प झाले की उठून दाराआड उभी राहायची. हे प्लास्टरमध्ये होते म्हणतात. मी कशात होते?

तेव्हा पाटल्या मोडता आल्या असत्या. अजूनही उशीर झाला नव्हता. पण मोडायच्या तर आधी न मोडल्याचं सांगावं लागलं असतं. मी दुसरा मार्ग काढला.

एका संध्याकाळी भाऊजी निघाले तेव्हा मी बादली घेऊन त्यांच्यामागून नळापाशी गेले. त्यांनी सायकलचं स्टँड काढलं होतं. मी म्हटलं, "भाऊजी, रागावू नका. तुम्ही आता येत जाऊ नका. सासूबाईंना — तुम्हाला माहीतच आहे. जुनी माणसं. तुम्ही यांना शिवता, ते त्यांना चालत नाही. त्यावरून रोज घरात कटकट होते."

हेच ते. हे मी बोलले.

दुसरं कुठलंही कारण दिलं असतं, तर त्यांनी विचारलं असतं, काय झालं, कसं झालं. हे कारण मी निवडून काढलं, कारण याच्यावर ते एक प्रश्न विचारणार नाहीत हे मला ठाऊक होतं. जन्मभर किती दारांत त्यांनी ते ऐकलं असेल! त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्यसुद्धा आलं नाही. फक्त म्हणाले, "आजींनी कप आत घेतला होता, म्हणून मला वाटलं..." मग सायकल वळवली. "बरं वहिनी. दत्ताला वळवताना मानेखाली हात घाला, पाठीखाली नको." आणि सायकलवर न बसता, ती हातात धरून चालत गेले.

दुसऱ्या दिवशी घरात यांनी विचारलं, मी म्हटलं, ओव्हरटाइम असेल. सासूबाईंनी विचारलं, "पगाऱ्या का गं येत नाय?" मी म्हटलं, त्यांच्या घरी अडचण आहे. पुढच्या रविवारीही त्यांनी भाऊजींसाठी भाकरी जास्त थापली. यांना वळवायला आता शेजारच्या कुणाला तरी हाक मारावी लागायची. हे कित्येक दिवस म्हणत राहिले, "तो तसा नाही. काहीतरी झालं असणार. कुणाला तरी पाठव त्याच्याकडे." शेवटी मी वैतागून म्हटलं, "जामीनकीला घाबरले असतील. आजारी माणसाजवळ कोण थांबतं?" यांनी तोंड भिंतीकडे केलं. तेवढंच त्यांना स्वतःचं स्वतः करता येत होतं.

प्लास्टर निघालं. हे चालायला लागले, पण मशीनपाशी उभं राहणं आता शक्य नव्हतं. नोकरी सोडावी लागली. सह्या करायला यांना रिक्षातून कारखान्यात नेलं, तेव्हा भाऊजींची पाळी कोणती ते मी आधीच काढून ठेवलं होतं. पतपेढीनं उरलेली बाकी यांच्या फंडातून वळती करून घेतली. भाऊजींचं जे कापलं गेलं, ते गेलंच. दोन खोल्या विकल्या, बाकीची देणी भागवली, आणि आम्ही पंचवटीत भाड्यानं राहायला गेलो. हे एका वह्या-पुस्तकांच्या दुकानात बसायला लागले.

मध्यंतरी भाजीबाजारात भाऊजींच्या बायकोची गाठ पडली. मी तोंड चुकवणार होते, पण तिनंच हाक मारली, यांची तब्येत विचारली. त्यांच्या थोरलीचं कॉलेज राहून गेलं होतं, ती एका कारखान्यात पॅकिंगला जात होती. मी काहीच विचारलं नव्हतं, तरी ती म्हणाली, "आमचे हे म्हणतात, आजारी माणसाकडं मागायचं नसतं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पाटल्या? त्या अलकाच्या लग्नात बाहेर निघाल्या. यांना सांगितलं, माझ्या आईनं नातीला केल्या. हे म्हणाले, "तुझ्यासारख्याच घडवल्यात." एवढंच. कळलं होतं का त्यांना? मी विचारलं नाही.

अलका सासरी गेल्यावर थोड्याच दिवसांत सासूबाई गेल्या. दशक्रिया रामकुंडावर होती. पिंड ठेवले होते, कावळा शिवत नव्हता, सगळे वर बघत उभे होते. तेव्हा मला गर्दीच्या पलीकडे, वरच्या पायरीवर, पगारे भाऊजी दिसले. पांढरा शर्ट, पायांत काही नाही. केस पिकलेले. हात जोडून उभे होते. ज्या बाईला आपला स्पर्श चालत नाही असं त्यांना वाटत होतं, तिच्या दहाव्याला ते आले होते. आणि तिला विटाळ नको म्हणून लांब उभे राहिले होते.

यांनीही पाहिलं. यांचा चेहरा आवळला. "आता कशाला आलाय हा?" असं पुटपुटले आणि मान वळवली. पण मला दिसलं, मान वळवायच्या आधी यांची हनुवटी थरथरली.

माणसं पांगायला लागली तसे भाऊजी माझ्याजवळ आले. आवाज अगदी खाली घेऊन म्हणाले, "वहिनी, आजी तर गेल्या. वाईट वाटलं. पण आता... आता दत्ताला भेटलं तर चालेल का?"

देणं फिटलं होतं. हे बरे झाले होते. लेक उजवली होती. आता मला कशाची भीती होती? कुणाला उपाशी राहावं लागणार नव्हतं, कुणी मरणार नव्हतं. एक 'हो' म्हणायचं होतं फक्त. हे चार पावलांवर पाठ करून उभे होते. हाक मारली असती तर वळले असते.

मी म्हटलं, "यांचीच इच्छा नाही, भाऊजी."

पहिलं खोटं अडचणीत सापडून बोलले असं कुणी म्हणेल. हे दुसरं कशात सापडून बोलले? दोघं भेटले असते तर मी उघडी पडले असते, एवढंच. स्वतःला वाचवलं मी.

त्यांनी मान हलवली. नदीकडे वळून पुन्हा एकदा हात जोडले, आणि पायऱ्या चढून गेले.

"काय म्हणत होता?" यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "आजी कशानं गेल्या, ते विचारत होते."

पुढे काही वर्षांनी हेही गेले. शेवटच्या दुखण्यात एकदा पगारेंचं नाव घेतलं, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. भाऊजी आहेत अजून. सातपूरलाच आहेत. इथून सिटी बसनं अर्ध्या तासाचा रस्ता आहे. मी गेलेले नाही.