डागाला आधी गार पाणी

घरात कुणी नसेल तेव्हा धुवून टाकू, म्हणून नवसीबाईनं एक चादर मागच्या पडवीतल्या मासळीच्या रिकाम्या पिंपात लपवली. पण दांडीसारख्या गावात, भरल्या घरात, कुणी नाही अशी वेळ यायची कधी? नवरा चिंतू बोटीवरून आला की पडवीतच जाळी विणायला बसायचा, सून भाग्यश्री दिवसभर घरात, आणि शेजारणींची येजा तर चालूच. आठ दिवसांत पिंपात तीन चादरी झाल्या. नवसीबाईनं त्यांच्यावर फाटक्या जाळ्याचा तुकडा टाकला आणि त्या वाटेला जाणंच सोडलं.

आता ही नवसी म्हणजे कोण, तर बोईसरच्या मच्छीबाजारात तीस वर्षं मांडी घालून बसलेली बाई. चोपन्नाची झाली तरी आवाज असा खणखणीत, की बाजाराच्या त्या टोकाला भाव कळावा. तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. तिला शौचावाटे रक्त जायला लागलं तेव्हा मूळव्याध असेल म्हणून वर्षभर तिनं ते अंगावर काढलं. मग एक दिवस पाटी उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि मुंबईच्या इस्पितळात कळलं की आतड्याच्या खालच्या टोकाला कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आतड्याचं तोंड पोटावर डाव्या बाजूला काढून दिलं आणि त्यावर चिकटवायची पिशवी दिली. आता शौच त्या पिशवीत व्हायचं, कायमचं. जीव वाचला म्हणून चिंतूनं दर्याला नारळ वाहिला. नवसीनंही हात जोडले. पण जीव वाचल्यावर तो रोज जगावा लागतो, आणि पिशवी काही रोज शहाण्यासारखी वागत नाही. कधी कडेनं सुटते, कधी भरून वाहते. मग लुगडं, चादर, गादी, सगळंच.

तीस वर्षं मासळीच्या वासात बसलेल्या बाईला आपल्याच अंथरुणाची लाज वाटायला लागली. बाजाराचं नाव तिनं काढलं नाही. कुणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घ्यायची.

तिसऱ्या चादरीनंतर दोनच दिवसांनी भाग्यश्रीला पिंपातला ऐवज सापडला. पोरगी समजूतदार. सासूला एका शब्दानं बोलली नाही. चुलीवर हंडाभर पाणी उकळलं, चादरींवर ओतलं, वर मूठभर पावडर टाकली. नवसीबाई आतून ऐकत होती, पाण्याचा आवाज आणि मग धोपटण्याचा. दुपारी तिनं खिडकीतून बघितलं, तर दोरीवर तिन्ही चादरी, आणि त्यांच्यावर काळपट तपकिरी डाग, शिक्के मारल्यासारखे पक्के.

लाज कुठच्या कुठे पळाली आणि जुना आवाज परत आला.

"अगो भाग्यश्री! गरम पानी घातलास तू?"

"जंतू मरतील म्हनून घातलं, आई," भाग्यश्री घाबरून म्हणाली.

"जंतू मेले, पन डाग अमर झाला ना! घोळ मासा कापताना रगत लुगड्यावर उडालं, तर आपुन काय करतो? उकळतं पानी ओततो? रगत शिजलं की कापडातच बसतं गो. आधी गार पानी, हे तुला कवा शिकवलं मी?"

बोलता बोलता तिची नजर परत दोरीवरच्या चादरींवर गेली. तीस वर्षं तिनं मासळीचं रक्त, पित्त, आतडी अंगावरच्या लुगड्यातून काढली होती. पापलेट विकणारी बाई कळकट दिसली तर गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडे जातं, म्हणून ती विद्या तिनं हाताला लावून घेतली होती. आणि दहा दिवस ती चादरी लपवत बसली! मासळीच्या पोटातली घाण काय आणि माणसाच्या पोटातली काय, कापडाला त्यातला फरक कुठे कळतो?

दुसऱ्या दिवसापासून तिनं जे आरंभलं, ते बघून चिंतू हातातली सुई ठेवून बघत राहिला. एका जुन्या पांढऱ्या परकराचे तिनं तळहाताएवढे तुकडे केले. पिशवी बदलताना त्यातली घाण प्रत्येक तुकड्याला थोडी थोडी लावली. एक नुसत्या गार पाण्यात, एक खायच्या सोड्यात, एक लिंबू पिळून उन्हात, एक साध्या साबणात, एक भाग्यश्रीच्या महागातल्या पावडरीत. ओळख राहावी म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्याला वेगळ्या रंगाचा जाळ्याचा धागा बांधला.

"काय चाललंय तुझं?" चिंतूनं विचारलं.

"शाळेत जाते," ती म्हणाली. "लहानपनी र्‍हायली होती."

पंधरा दिवस ती शाळा चालली. डाग पडला की पहिल्यांदा वरची घाण शिंपल्याच्या कडेनं अलगद खरवडायची, चोळायची नाही, चोळली की ती धाग्यात शिरते. मग कापड उलटं करून मागच्या बाजूनं गार पाण्याची धार सोडायची, म्हणजे डाग आला त्या वाटेनं परत जातो. त्यानंतर पावडरीच्या पाण्यात तीन-चार तास भिजत, मग साबण, मग ऊन. दुकानदाराला विचारून तिनं जाणून घेतलं की महाग पावडरींतल्या काहींत रक्तासारखे डाग पचवणारं औषध असतं. ती भिजवायला वापरली की धोपटायची गरजच उरत नाही. पिशवीच्या चकतीचा गोंद कापडाला लागला तर साबणाला दाद देत नाही. त्याला आधी खोबरेल तेल लावायचं आणि मग साबण. डाग पुरता गेल्याशिवाय इस्त्री तर अजिबात नाही. गादीचं तिनं वेगळंच केलं. शिवण उसवून खराब कापूस काढून टाकला, नवा भरला, आणि वर बोटीवरचं मेणकापड पसरून त्यावर जुनी चादर दुहेरी घातली. मेणकापड ओल्या फडक्यानं पुसलं की झालं.

एकदा मात्र जिवावर बेतलं होतं. पांढरी चादर आणखी पांढरी व्हावी म्हणून तिनं बादलीत ब्लीचिंग पावडर घातली आणि वरून संडास धुवायचं ॲसिडही ओतलं. क्षणात असा धूर उठला की घसा जळायला लागला. भाग्यश्रीनं तिला दंड धरून अंगणात ओढलं. तासभर दोघी खोकत बसल्या. "तारापूरच्या कारखान्यावाल्यांना धुरापायी शिव्या देतो आपुन," नवसीबाई डोळे पुसत म्हणाली, "आनि मी न्हानीघरातच कारखाना काढला." त्यानंतर ब्लीच फक्त पांढऱ्या सुती कापडाला, थोडं, भरपूर पाण्यात आणि एकटं. त्यात दुसरं काहीही पडता कामा नये, हा घरचा कायदा झाला.

धुतलेल्या चादरी ती बोंबील सुकवायच्या रिकाम्या वलांडीवर टाकायची, किनाऱ्यावर, सगळ्या गावादेखत. बायका विचारायच्या. ती सांगायची. पहिल्यांदा सांगताना जीभ जड झाली, दुसऱ्यांदा थोडी कमी. पुढे तीच बोलावून सांगायला लागली.

तीन महिन्यांनी टमटममध्ये पाटी चढवून ती बोईसरच्या बाजारात परत जाऊन बसली. चौथ्याच दिवशी, ऐन गर्दीत, पिशवी सुटली. तिला कमरेशी ओल जाणवली. शेजारणीला पाटी बघायला सांगून ती आडोशाला गेली, बरोबर आणलेली नवी पिशवी लावली, बाटलीतल्या गार पाण्यानं लुगड्याचा तेवढा भाग धुतला, साबणानं हात धुतले आणि ओल्याच लुगड्यानं परत जागेवर येऊन बसली. समोर एक गिऱ्हाईक बाई त्या ओल्या डागाकडे टक लावून बघत होती.

"पोटावरची पिशवी सुटली होती, ताई. हात साबनानं धुतलेत," नवसीबाई म्हणाली. "कोलंबी घ्या, सकाळची हाय."

बाईनं कोलंबी घेतली.

इस्पितळात तपासणीला जायची तेव्हा तिथल्या स्वाती नावाच्या नर्सबाई तिची पिशवी बघायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "नवसीमावशी, तुम्ही दर वेळी पांढरं पातळ नेसून येता. बाकीचे पेशंट काळ्याखेरीज काही घालत नाहीत. भीती नाही वाटत?" नवसीबाईनं परकराच्या तुकड्यांची सगळी हकिगत सांगितली. स्वातीबाईंनी ती वहीत उतरवून घेतली आणि म्हणाल्या, "तुमच्या बोईसरमध्येच एक पेशंट आहे. मी त्याला विचारून ठेवते. तो हो म्हणाला तर जाल?"

तो हो म्हणाला. प्रदीप त्याचं नाव, बीडकडचा, वय बत्तीस. तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर. आतड्याच्या जुन्या दुखण्यात त्याचं मोठं आतडं काढावं लागलं होतं, आणि पिशवी लहान आतड्याला होती. तिथून येतं ते पातळ, त्यामुळे गळतीही जास्त. नवसीबाई त्याच्या खोलीवर गेली तेव्हा त्यानं दार वीतभरच उघडलं. आत जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलेली. पलंग होता, पण त्यावर गादी नव्हती. बायकोला, वर्षाराणीला, त्यानं माहेरी पाठवून दिलं होतं.

"पाच चादरी फेकून दिल्या, मावशी," तो खाली बघत म्हणाला. "एकच उरलीय, ती पांघरून पेपरवरच झोपतो. आन् आता तर रक्त जायला लागलंय. कुणाला सांगू?"

"कुठं हाय रगत? दाखव."

त्यानं मोरीतली बादली पुढे सरकवली. चादरीवर खरंच लालभडक डाग होता. नवसीबाईनं तो उजेडात धरला, बोटानं चोळला, वास घेतला. तो शरमेनं मागे सरकला.

"पिशवीत लाल दिसलं का कधी?"

"नाही. पिवळंच असतंय. चादरीला साबण लावला आन् लाल झालं."

"काल जेवलास काय?"

"खिचडी."

"घरात हळद हाय?"

त्याला काही उमगेना, पण त्यानं डबा दिला. नवसीबाईनं फडक्यावर चिमूटभर हळद पाण्यात कालवून लावली आणि त्यावर साबणाची वडी फिरवली. पिवळा ठिपका बघता बघता लाल झाला, अगदी बादलीतल्या चादरीसारखा.

प्रदीप बघत राहिला. मग मोरीच्या कट्ट्यावर बसला आणि हसायला लागला. हसता हसताच तोंड ओंजळीत घेऊन रडला. नवसीबाईनं त्याला रडू दिलं.

"तरी स्वातीबाईंना फोन करून सांग हां," ती थोड्या वेळानं म्हणाली. "मी डॉक्टर नाय. मी मच्छीवाली. आता ऊठ, लिंबू असेल तर आन, आनि गार पानी सोड."

तिनं चादर त्याच्याच हातून धुवून घेतली. साबण खळाळून काढला, लिंबाचं पाणी लावलं, तसा लाल डाग परत पिवळा झाला. "हळदीला साबनापेक्षा ऊन भारी," ती म्हणाली. "वाळत घाल."

प्रदीप गॅलरीच्या दारात थबकला. "समोर सगळी बिल्डिंग बघती, मावशी."

"चादरीवर तुझं नाव लिवलंय का?"

त्यानं चादर वाळत घातली. ऊन कडक होतं. नवसीबाई उंबऱ्यात बसून राहिली आणि त्याला बाजारातल्या त्या कोलंबीची गोष्ट सांगितली. दुपार कलली तेव्हा डाग शोधावा लागेल इतका फिका झाला होता. प्रदीपनं चादर काढली, घडी केली, परत उलगडून बघितली.

"बायकोला बोलाव," नवसीबाई निघताना म्हणाली.

"तिला काय सांगू?"

"सांग, चादरी धुवायला शिकलो."

तिसऱ्या आठवड्यात वर्षाराणी बोईसरला आली. बसस्टँडवरून तिला घेऊन प्रदीप आधी मच्छीबाजारात गेला, नवसीबाईच्या पुढ्यात उभा राहिला आणि नुसता हसला. वर्षाराणीनं वाकून नमस्कार केला. नवसीबाईनं तिच्या हातातल्या थैलीत दोन पापलेटं टाकली आणि दोघांना घरी हाकललं. पुढच्या महिन्यात तो कामावर रुजू झाला. कारखान्यातल्या आपल्या कपाटात जादा युनिफॉर्म आणि पाण्याची बाटली ठेवायला लागला.

स्वातीबाईंनी मग नवसीबाईचा नंबर बऱ्याच जणांना दिला. कोळगावहून फोन येतो, सातपाटीहून येतो, वर डोंगरातल्या पाड्यांवरूनही येतो. एका पाड्यावरच्या म्हाताऱ्याला महाग पावडर परवडणारी नव्हती, तेव्हा तिनं साध्या साबणात आणि उन्हात तो डाग कसा जाईल ते पुन्हा परकराच्या तुकड्यांवर करून बघितलं, आणि चार दिवसांनी आपण होऊन त्याला फोन केला. माणसं फोनवर आधी खूप वेळ भलतंच बोलत राहतात, हवापाण्याचं, मुलाबाळांचं. ती ऐकून घेते. खरा प्रश्न शेवटी येतो, हळू आवाजात. तिचं उत्तर मात्र खणखणीत असतं, आजूबाजूच्या चार पाट्यांना ऐकू जाईल असं. त्या चार पाट्यांवरच्या बायकाही आता कुणालाही सांगू शकतील, की असल्या डागाला आधी गार पाणी.

गेल्या हिवाळ्यात पुतण्याच्या लग्नाला तिनं पोपटी रेशमी साडी काढली होती. वरातीच्या तासभर आधी पिशवीनं दगा दिला. रेशीम भिजत घालता येईना की उन्हात टाकता येईना. दोघी सासूसुनांनी होतं नव्हतं ते करून बघितलं. निऱ्यांवर लिंबाएवढा डाग राहिलाच.

"दुसरी नेसा, आई," भाग्यश्री म्हणाली.

"काहीकाही डाग नाय जात," नवसीबाई म्हणाली आणि निऱ्या झटकून खोचल्या. "उद्या बघू त्याच्याकडं. चल, वरातीचा बेंजो वाजायला लागला."

वरात खाडीच्या पुलापर्यंत गेली तेव्हा निम्म्या बायका दमून बाजूला झाल्या होत्या. नवसीबाई मधोमध नाचत होती. एक हात वर, आणि दुसऱ्या हातानं पोटावरची पिशवी अलगद धरलेली.